कागद परत दिला, पण फाईल राहिली

परळी-बीड रस्त्यावरील सिरसाळ्यासारख्या बाजारगावात झेरॉक्स, फोटो आणि ऑनलाईन अर्ज भरून देण्याची दुकाने हा आता एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. आपल्या अनेक तरुणांनी त्यात जम बसवला आहे. एक संगणक, एक प्रिंटर, एक स्कॅनर आणि इंटरनेटची जोडणी एवढ्या भांडवलावर घर चालते, ही समाधानाची बाब आहे. मात्र या धंद्यातील एका कामाकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही. ग्राहक पैसे देऊन निघतो, मूळ कागद त्याच्या पिशवीत परत जातो, आणि त्याची नक्कल दुकानातील संगणकात राहते. ती पुसायची कोणी? आमचे मत असे की ती दुकानदारानेच पुसली पाहिजे आणि हे काम मजुरीतच धरलेले असले पाहिजे. शिंप्याने कपडा शिवून दिल्यावर गिऱ्हाईकाचे उरलेले कापड परत करावे, तसेच हे आहे.

या संगणकांत काय काय पडलेले असते ते पाहा. आधार कार्ड, सातबारा, बँकेचे पासबुक, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज. हजच्या अर्जासाठी आणलेले पासपोर्ट. लग्नासाठी काढलेले मुलींचे फोटो. दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघून जातात. त्यांचे घर सहा महिने बंद राहते, पण त्यांच्या अंगठ्याचा ठसा असलेला अर्ज येथे कुणाच्या तरी ‘न्यू फोल्डर’मध्ये उघडाच राहतो. ही अमानत आहे. ठेवणाऱ्याला ती ठेवल्याचे ठाऊकही नसते, म्हणून सांभाळणाऱ्याची जबाबदारी अधिकच वाढते.

सरकारने याकडे एकदा लक्ष वेधले होते. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू येथील प्रादेशिक कार्यालयाने एक पत्रक काढले. त्यात लोकांना सांगितले होते की इंटरनेट कॅफे किंवा सार्वजनिक संगणकावरून ई-आधार उतरवू नका, आणि उतरवलेच तर त्याच्या सर्व प्रती त्या संगणकावरून कायमच्या पुसा. दोनच दिवसांत, गैरसमज होईल या कारणाने केंद्र सरकारने ते पत्रक मागे घेतले आणि लोकांनी नेहमीची खबरदारी घ्यावी एवढेच सांगितले. पत्रक मागे गेले, परंतु त्यातील ते एक वाक्य खरे होते. त्याची उणीव वेगळीच होती. पुसण्याचा भार त्याने ग्राहकावर टाकला. ज्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला माऊस धरता येत नाही, तो दुकानदाराच्या खुर्चीवर बसून फाईल पुसणार कसा?

दुकानदाराचाही यात स्वार्थ आहे. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीक विमा भरण्याची सोय झाली, २०२५ मध्ये ती बंद झाली. त्या काळात सेवा केंद्रांपुढे रांगा लागत. पुढे बोगस अर्जांचे प्रकरण निघाले, त्यात बीड जिल्ह्याचे नाव गाजले आणि काही सेवा केंद्रेही चौकशीच्या फेऱ्यात सापडली. कोणाचा दोष किती, हे ठरवणे तपास करणाऱ्यांचे काम आहे. आमचा प्रश्न एवढाच की, ज्या प्रामाणिक दुकानदाराच्या संगणकात शेकडो लोकांचे सातबारे आणि पासबुके विनाकारण पडून आहेत, त्याच्याकडे उद्या कुणी बोट दाखवले तर तो आपली बाजू कशी मांडणार? ज्याच्याकडे कागदच नाही, त्याला खुलासाही करावा लागत नाही.

यावर दुकानदार सांगतात की पुसायला गेलो तर फाईल पुसलीच जात नाही. तक्रार खरी आहे. डिलीटचे बटण दाबावे तर संगणक सांगतो की फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे. दुकानात गर्दी असते, मग ती तशीच राहते. येथे संगणकाची अडचण समजून घ्यावी. हिशेबाची वही मुनीमाच्या हातात उघडी असताना ती कपाटात बंद करता येत नाही. विंडोजचेही तसेच आहे. एखाद्या प्रोग्रॅमने फाईल धरून ठेवली असेल तर तो ती सोडेपर्यंत विंडोज ती सहसा पुसू देत नाही. धरणारा बहुधा साधाच असतो. ब्राउझरमध्ये मागे उघडी राहिलेली पीडीएफ, फोटोशॉपमध्ये उघडा असलेला फोटो, कधी विषाणू तपासणारा प्रोग्रॅम, तर कधी खिडकीच्या उजव्या बाजूला दिसणारे फाईलचे छोटे चित्र. सर्व खिडक्या बंद कराव्यात. तेवढ्याने भागले नाही तर संगणक बंद करून पुन्हा चालू करावा. दहांपैकी नऊ वेळा अडचण येथेच संपते.

उरलेल्या दहाव्या वेळी धरणाऱ्याचे नाव शोधावे लागते. विंडोजमध्येच ‘रिसोर्स मॉनिटर’ नावाचे साधन आहे. त्यातील सीपीयूच्या पानावर फाईलचे नाव टाकून शोधले की कोणता प्रोग्रॅम तिला धरून बसला आहे ते दिसते. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आपल्या ‘पॉवरटॉईज’ या मोफत संचात ‘फाईल लॉकस्मिथ’ म्हणजे फाईलचा कुलूपवाला घातला आहे. फाईलवर उजवे बटण दाबले की तो धरणाऱ्याचे नाव सांगतो आणि त्याला बंदही करतो. इंटरनेटवर ‘हट्टी फाईल काढा’ म्हणून फुकट मिळणाऱ्या इतर साधनांपासून मात्र दूर राहावे. त्यांच्यापैकी अनेकांबरोबर नको असलेले दुसरे प्रोग्रॅम गुपचूप आत येतात. लोकांचे आधार सांभाळणाऱ्या संगणकावर अनोळखी कुलूपवाला बोलावणे हे शहाणपणाचे नाही. विंडोजच्या स्वतःच्या फाईली हट्ट करतात म्हणून त्या जबरदस्तीने काढू नयेत, हेही सांगून ठेवतो. त्या हट्ट करतात ते योग्यच करतात.

झेरॉक्सवाल्यांची एक खास डोकेदुखी आहे. प्रिंटरच्या रांगेत अडकलेले काम रद्द करावे तर ते तासन् तास ‘डिलीटिंग’ असेच दाखवते. लोक प्रिंटरची तार काढतात, लावतात, काही होत नाही. कारण ते काम प्रिंटरमध्ये नसते, संगणकातच असते. छपाईला पाठवलेल्या कागदाची एक प्रत विंडोज आपल्या सिस्टिम फोल्डरातील ‘स्पूल’ आणि त्यातील ‘प्रिंटर्स’ या फोल्डरात ठेवते. छपाई झाली की ती आपोआप जाते, अडकली की तेथेच राहते. सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ थांबवावा, तो फोल्डर रिकामा करावा आणि स्पूलर पुन्हा चालू करावा. पाच मिनिटांचे काम आहे. प्रिंटर तर सुरू होतोच, शिवाय कोणाचा तरी अडकून पडलेला कागदही संगणकातून निघतो.

येथपर्यंत फाईल ‘गेली’. पण खरोखर गेली का? वस्तुतः नाही. डिलीट केलेली फाईल आधी रिसायकल बिनमध्ये जाते, हे बहुतेकांना ठाऊक आहे. शिफ्टचे बटण दाबून डिलीट केली तर बिन टळतो, पण मजकूर साध्या हार्डडिस्कवर तेथेच राहतो. खतावणीच्या अनुक्रमणिकेतून एका खात्याचे नाव खोडावे आणि आतले पान तसेच राहावे, असा हा प्रकार आहे. पेनड्राइव्हवर सर्रास असणाऱ्या फॅट पद्धतीत तर फाईलच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक खूण केली जाते आणि ती जागा मोकळी धरली जाते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ‘रिक्यूव्हा’ किंवा ‘फोटोरेक’ यांसारख्या मोफत साधनाने जुना मजकूर परत काढता येतो. चुकून पुसलेले लग्नाचे फोटो याच साधनांनी परत मिळतात, तेव्हा आपण आनंदतो. तीच साधने दुसऱ्याच्याही हाती असतात, हे आपल्या ध्यानी येत नाही.

अमेरिकेतील एमआयटीचे दोन विद्यार्थी, सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट, यांनी २००० ते २००२ या काळात १५८ जुन्या हार्डडिस्क बाजारातून विकत घेतल्या. त्यांतील १२९ चालू होत्या. नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांत लोकांची पत्रे, आजारपणाच्या नोंदी आणि क्रेडिट कार्डांचे ५,००० हून अधिक क्रमांक सापडले. विकणाऱ्यांपैकी अनेकांनी आपापल्या समजुतीप्रमाणे सारे पुसले होते. आपल्याकडे जुने संगणक भंगारात जातात, आणि भंगाराच्या धंद्यात आपलेच अनेक बांधव आहेत, म्हणून हा दाखला दिला.

मग कायमचे पुसायचे कसे? जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कवर मोकळ्या जागेत दुसरे काहीतरी लिहावे लागते. त्यासाठी विंडोजमध्येच ‘सायफर’ नावाची आज्ञा आहे. कमांड प्रॉम्प्टवर तिला ‘डब्ल्यू’चा पर्याय आणि ड्राइव्हचे अक्षर जोडून चालवले की ती मोकळ्या जागेवर तीन वेळा लिहिते. आधी शून्ये, मग एक, मग अस्ताव्यस्त आकडे. चालू फाईलींना ती हात लावत नाही. वेळ खाते, म्हणून दुकान बंद करताना लावून द्यावी. पीटर गटमन यांनी १९९६ मध्ये ३५ वेळा लिहिण्याची रीत सांगितली होती आणि अजून काही जण तीच सांगत फिरतात. ती त्या काळच्या निरनिराळ्या डिस्कांसाठी होती. आजच्या तबकडीला एकदा लिहिणेही सर्वसाधारणपणे पुरते, असे अमेरिकेच्या मानक संस्थेचे मत आहे.

नव्या संगणकांत तबकडी नसते, एसएसडी असते. तेथे हा उपाय भरवशाचा नाही, कारण ती चिप झीज सारखी वाटली जावी म्हणून तोच मजकूर वेगळ्याच जागी लिहिते. तिच्यासाठी पहिल्या दिवसापासूनच सारी डिस्क सांकेतिक रूपात ठेवणे हाच चांगला उपाय. विंडोजच्या प्रो आवृत्तीत त्यासाठी ‘बिटलॉकर’ आहे. त्याची किल्ली मात्र कागदावर लिहून घरी जपून ठेवावी. किल्ली गेली तर आपलाही मजकूर गेला.

ई-आधारला पासवर्ड असतो, मग चिंता कशाची, असे काही जण म्हणतात. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मसाल. गावात हे कोणाचे कोणाला ठाऊक नसते?

आणखी एक वाट व्हॉट्सअ‍ॅपची. आजकाल ग्राहक कागद हातात न आणता दुकानाच्या नंबरवर पाठवतो. तोच कागद फोनच्या गॅलरीत, संगणकाच्या डाउनलोड फोल्डरात आणि कधी कधी गुगल फोटोजमध्येही जातो. गुगल फोटोजमध्ये साठवलेला फोटो पुसला तरी तेथील कचरापेटीत ६० दिवस राहतो. म्हणून एक कागद पुसायचा म्हणजे चार ठिकाणी पाहायचे, हे लक्षात असू द्यावे. सर्वांत सोपे म्हणजे दुकानाच्या फोनवर आपोआप साठवण्याची सोयच बंद ठेवणे.

कायदाही याच दिशेने येत आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू होणार आहेत. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपले की ती पुसावी, हे त्यातील तत्त्व आहे. लहान दुकानदाराला त्याची झळ किती लागेल ते पुढे दिसेलच. नोटीस येण्याची वाट पाहण्यापेक्षा सवय आधी लावलेली बरी.

मात्र पुसण्याच्या उत्साहात स्वतःची वही पुसू नये. जीएसटीत नोंद असलेल्या व्यापाऱ्याने हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात. म्हणून संगणकात दोन फोल्डर असावेत, एक दुकानाचा आणि एक ग्राहकांचा. दुकानाच्या फोल्डरची दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर नक्कल घ्यावी. ग्राहकांचा फोल्डर रोज रात्री शटर ओढण्यापूर्वी रिकामा करावा, आणि दरपत्रकाच्या पाटीवर खाली एक ओळ वाढवावी की काम झाल्यावर आपला कागद आमच्या संगणकातून पुसला जातो, हवे तर समोर उभे राहून पाहा.