माझा कर वाढवा

बल्गेरियात आयकर सरसकट १० टक्के आहे, हे खरं आहे. २००८ पासून आहे. पगार कितीही असो, दर तोच. कंपनीच्या नफ्यावरही १० टक्केच. देश २००७ पासून युरोपियन संघात आहे, १ जानेवारी २०२५ ला पूर्णपणे शेंगेनमध्ये आला आणि १ जानेवारी २०२६ पासून तिथं युरो चलन सुरू झालं. सोफियात मेट्रो आहे, शहराच्या पाठीशी वितोशा डोंगर आहे, आणि घरभाडं म्युनिक किंवा ॲमस्टरडॅमच्या मानानं कितीतरी कमी. त्यामुळे पुण्या-सांगलीच्या ओळखीच्या मुलांचे मला हल्ली जे फोन येतात, त्यांत पहिला प्रश्न हाच असतो. भाच्यानंही हेच विचारलं, "मावशी, खरंच फक्त दहा टक्के?"

खरंच. मी मूळची सांगलीची, शिक्षणानं सीए, आणि सोफियातल्या एका परदेशी कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी करते. आकड्यांवरच माझं पोट आहे, म्हणून आकडे घेऊनच बोलते. माझं म्हणणं असं की, निव्वळ हा दर पाहून कुणी या देशात येऊ नये. आणि आलंच, तर या दराची तरफदारी करू नये. माझ्यासारख्यांकडून बल्गेरियानं आजच्यापेक्षा जास्त कर घ्यायला हवा.

माझं २०२५ अखेरचं पगारपत्रक समोर ठेवते. तेव्हा चलन लेव होतं. एक लेव म्हणजे ५० रुपयांहून थोडं जास्त. पगार धरा ८,००० लेव. त्यातून आधी कापली जाते सामाजिक विमा आणि आरोग्यविम्याची वर्गणी. कर्मचाऱ्याचा वाटा १३.७८ टक्के, मालकाचा त्याहून मोठा. पण या वर्गणीला वरची मर्यादा आहे. २०२५ अखेर ती महिन्याला ४,१३० लेव होती. त्यापुढच्या पगारावर एक छदामही वर्गणी नाही. म्हणजे माझे ५६९ लेव कापले, उरलेल्या रकमेवर १० टक्के कर ७४३ लेव. एकूण १,३१२. पगाराच्या १६.४ टक्के.

आता माझ्या कार्यालयात रात्री साफसफाईला येणाऱ्या बाईंचा हिशेब मांडते. त्या किमान वेतनावर आहेत, २०२५ मध्ये ते १,०७७ लेव होतं. त्यांच्या पगाराला मर्यादेचा काही फायदा नाही, कारण त्या मर्यादेच्या आसपासही पोचत नाहीत. वर्गणी १४८ लेव, उरलेल्यावर कर ९३. एकूण २४१. पगाराच्या २२.४ टक्के. इथं कमी उत्पन्नाला करमुक्त मर्यादाच नाही. पहिल्या लेवपासून कर चालू. आपल्याकडे नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही आणि २४ लाखांपुढे ३० टक्के लागतो, यावर आपण हवी तेवढी चर्चा करतो. पण जिचा पगार माझ्या सातव्या हिश्श्याइतका आहे, तिच्याकडून माझ्यापेक्षा जास्त टक्के घ्यायचे, असं आपल्या व्यवस्थेत तरी होत नाही.

आणि हे झालं फक्त पगाराचं. दुकानात गेलं की मूल्यवर्धित कर २० टक्के. पावावर २०, तेलावर २०, औषधावरसुद्धा २०. हॉटेलच्या मुक्कामावर मात्र ९. म्हणजे बान्स्कोला बर्फात घसरायला आलेल्या पर्यटकाच्या खोलीवर जेवढा कर, त्याच्या दुपटीहून जास्त कर इथल्या म्हातारीच्या रक्तदाबाच्या गोळीवर. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी ५ टक्के झाला आहे. सवलतीचा दर कुणाला द्यायचा, हे ठरवताना एखादं सरकार कुणाचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवतं, ते अशा ठिकाणी कळतं.

मी जिला म्हातारी म्हणते आहे, ती माझ्या मजल्यावरच राहते. आम्ही म्लादोस्तमध्ये राहतो, म्हणजे समाजवादी काळात काँक्रीटच्या तयार भिंती जोडून बांधलेल्या उंच इमारतींच्या वसाहतीत. आजी मूळच्या व्रात्सा भागातल्या. आयुष्यभर परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाल्या. पेन्शन किमान पेन्शनच्या थोडी वर. २०२५ च्या जुलैपासून किमान पेन्शन ६३० लेवच्या आसपास होती. शरद ऋतूत त्या बाल्कनीत लाल मिरच्या भाजतात आणि ल्युतेनित्सा करून बरण्या भरतात. एक बरणी माझी असते. मी आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मला ताप आला, तेव्हा फॅमिली डॉक्टरकडे नाव कसं नोंदवायचं आणि तज्ज्ञाकडे जायची चिठ्ठी कशी मागायची, हे त्यांनीच शिकवलं. त्या चिठ्ठ्याही डॉक्टरला हव्या तेवढ्या देता येत नाहीत, त्यांना कोटा असतो. कोटा संपला की थांबायचं, नाहीतर पैसे टाकून खासगीत दाखवायचं. मी पैसे टाकते. आजी थांबतात.

त्यांची मुलगीही परिचारिका आहे. जर्मनीत.

या एका घरात सगळा देश दिसतो. १९८० च्या दशकाच्या शेवटी बल्गेरियाची लोकसंख्या ९० लाखांच्या घरात होती. २०२१ च्या जनगणनेत ती ६५ लाख भरली. जन्मदर घसरला हे एक कारण, पण तरुण माणसं उठून गेली हे तितकंच मोठं. विदिन, मोंताना, व्रात्सा हा वायव्येचा पट्टा तर संपूर्ण युरोपियन संघातला सर्वांत गरीब प्रदेशांपैकी एक. तिथल्या गावांत मी फिरले आहे. कोकणात चाकरमान्यांची घरं गणपतीपुरती तरी उघडतात. इथं कित्येक दारांची कुलपं गंजून गेली आहेत आणि फाटकावर मेलेल्या माणसाच्या फोटोचा कागद पावसानं फिकट होत चिकटलेला असतो. वेलिको तर्नोवोच्या बाजूला अशी घरं ब्रिटिश निवृत्तांनी घेऊन दुरुस्त केली, काही गावं त्यामुळे तगली, हेही सांगायला हवं. (आपल्या लोकांनी एक लक्षात ठेवावं: युरोपियन संघाबाहेरच्या माणसाला इथं फ्लॅट घेता येतो, पण स्वतःच्या नावावर जमीन घेता येत नाही. त्यामुळे अंगणवालं स्वस्त घर हे स्वप्न कागदावरच अडतं.)

देशातल्या एकूण आरोग्यखर्चातला साधारण एक तृतीयांश लोकांना उपचाराच्या वेळी स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. संघाच्या सरासरीच्या हे दुप्पट. आयुर्मान संघात सर्वांत कमी असलेल्या देशांत बल्गेरिया येतो, विषमता सर्वाधिक असलेल्या देशांतही. २०२५ मध्ये तरुण डॉक्टर आणि परिचारिका पगारासाठी सोफियाच्या रस्त्यावर उतरले होते. त्यांची मागणी मान्य करायला पैसा लागतो, आणि तो कुठून आणायचा हा प्रश्न आला की दहा टक्क्यांचा दर हात लावू नये असा पवित्र मानला जातो. आजींची मुलगी जर्मनीत गेली कारण इथल्या रुग्णालयाला तिला पगार देता येत नव्हता. मी इथं आहे, आणि माझ्याकडून कमी घेतलं जातं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

दहा टक्क्यांमागचं कारण मी नाकारत नाही. १९९६-९७ मध्ये इथल्या बँका बुडाल्या, महागाईनं लोकांची बचत धुऊन नेली. त्यानंतर लेव आधी जर्मन मार्कला आणि मग युरोला बांधला गेला. नोटा छापून खर्च भागवायची सोय सरकारकडे उरली नाही. पगाराचा मोठा भाग पाकिटातून, नोंदीशिवाय दिला जायचा. दर एवढा खाली आणला की लपवण्यात अर्थच उरणार नाही, असा हिशेब होता. हा निर्णय समाजवादी पक्षाचे पंतप्रधान सेर्गेई स्तानिशेव यांच्या आघाडी सरकारनं घेतला. परदेशी कंपन्या आल्या, माझी नोकरी त्यातूनच निर्माण झाली. तेव्हाच्या परिस्थितीत तो उपाय चालला असेल. पण तो आता अठरा वर्षांचा झाला. ज्यांनी पुढे जाऊन जास्त कमावलं, त्यांच्याकडून थोडं जास्त घ्यायची वेळ या देशात कधी येऊच दिली गेली नाही.

२०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तशी एक वेळ आली होती, आणि फार वाईट रीतीनं आली. युरोमधल्या पहिल्या अर्थसंकल्पात सरकारनं पेन्शनची वर्गणी आणि लाभांशावरचा ५ टक्के कर वाढवायचा प्रस्ताव ठेवला. हजारो माणसं रस्त्यावर आली, त्यांत विशी-पंचविशीची मुलं खूप. सरकारनं अर्थसंकल्प मागे घेतला, तरी गर्दी हटली नाही, आणि ११ डिसेंबरला रोसेन झेल्याझकोव्ह यांच्या सरकारनं राजीनामा दिला. माझ्या कार्यालयातली मुलंही गेली होती. मी त्यांना विचारलं, तेव्हा त्यांचा राग करापेक्षा तो पैसा ज्यांच्या हातात जाणार त्यांच्यावर जास्त होता. भ्रष्टाचाराबद्दलचा तो राग मला पटतो. पण दुसऱ्या दिवशी बैठकीत माझे काही परदेशी सहकारी "वाचलो" म्हणाले, ते मला आवडलं नाही. सरकार गेलं म्हणून आजींच्या गोळ्या स्वस्त झालेल्या नाहीत. चोरांच्या हाती पैसा नको ही मागणी योग्यच आहे. पण ती माझ्यासारख्यांना कमी करावर ठेवण्यासाठी वापरली जात असेल, तर तिचा फायदा चुकीच्या माणसांना होतो आहे.

ज्यांना यायचंच आहे, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. भारताचा बल्गेरियाशी दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, पण पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं भारतात करपात्र राहतंच. बारा महिन्यांत १८३ दिवसांहून जास्त इथं राहिलात तर इथले करदाते होता. काहींची कल्पना असते की सहा महिने इकडे, तीन तिकडे असं फिरत राहिलं की कुठेच कर नाही. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि दुसऱ्या कुठल्याच देशात तुम्ही करदाते नसाल, तर आपला कायदा तुम्हाला भारताचे निवासी मानू शकतो. हे मी नियम म्हणून सांगते, आणि माझं मत म्हणूनही: कुठल्याच देशाचा दवाखाना, रस्ता, शाळा आपली नाही असं जगणं मला बरं वाटत नाही. एखाद्या देशात पत्ता ठेवायचा आणि त्याच्या भाषेचं अक्षर ओळखायचं नाही, हेही तसंच. सिरिलिक लिपी महिन्याभरात वाचता येते. औषधाच्या दुकानातली पाटी वाचता आली की हा देश आपल्याशी बोलायला लागतो.

भाच्याला मी ये असंच सांगितलं. काम चांगलं आहे, डोंगर चांगले आहेत, माणसं आधी तुटक वाटतात आणि मग जीव लावतात. फक्त घर शोधताना मध्यवस्तीतलं दुप्पट भाडं हसत हसत देऊ नकोस, कारण तुझ्या त्या हसण्यावर पुढच्या बल्गेरियन जोडप्याचं भाडं ठरतं. सोफियातल्या घरांच्या किमती गेल्या काही वर्षांत ज्या वेगानं वाढल्या, त्या वेगानं इथल्या शिक्षिकेचा किंवा ट्रामचालकाचा पगार वाढलेला नाही.

मला इथं मत नाही. पण मी कर भरते, आणि कर भरणाऱ्यानं कराबद्दल बोलायला मतदार असावं लागत नाही. माझी सूचना अशी आहे: किमान वेतनाचा साधारण अर्धा भाग, समजा महिन्याला ५५० लेव, करमुक्त करावा. औषधांवरचा मूल्यवर्धित कर हॉटेलाइतका तरी खाली आणावा. आणि विम्याच्या मर्यादेपुढच्या पगारावर १० ऐवजी २० टक्के आयकर घ्यावा. त्यानं माझ्या ८,००० च्या पगारातून महिन्याला आणखी ३८७ लेव जातील. तरीही माझा एकूण वाटा २१ टक्क्यांच्या आसपासच राहील, म्हणजे साफसफाईच्या बाई आज देतात त्याहूनही कमी. त्यांना मिळणारी सूट असेल महिन्याला ५५ लेव. माझ्या एकटीच्या वाढलेल्या करातून त्यांच्यासारख्या सात जणींची सूट भागते, आणि माझ्या मजल्यावर, माझ्या कार्यालयात, माझ्यापेक्षा जास्त कमावणारे पुष्कळ आहेत.