विश्लेषण : एका फसव्या ईमेलमुळे जगभरातील वेबसाइट धोक्यात कशा आल्या? ‘एनपीएम’ म्हणजे काय?

मोबाइलवर उघडणाऱ्या कोणत्याही आधुनिक वेबसाइटमधील बराचसा कोड ती वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीने लिहिलेलाच नसतो. तो इंटरनेटवरून फुकट घेतलेला असतो. ही सोय किती महागात पडू शकते, हे सप्टेंबर २०२५ मधील दोन हल्ल्यांनी दाखवून दिले.

एनपीएम म्हणजे काय?

जावास्क्रिप्ट या भाषेतील तयार कोडचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे एनपीएम. तारीख दाखवणे, मजकुराला रंग देणे अशा लहानमोठ्या कामांसाठी येथे लाखो ‘पॅकेज’ उपलब्ध आहेत. एक आज्ञा दिली की पॅकेज डाउनलोड होते. मात्र ते एकटे येत नाही. ज्या इतर पॅकेजवर ते अवलंबून असते, तीही सोबत येतात. त्यामुळे डेव्हलपरने दहा पॅकेज मागवली, तरी प्रकल्पात शेकडो येऊन बसतात. २०२० पासून एनपीएमची मालकी मायक्रोसॉफ्टच्या ‘गिटहब’कडे आहे.

सप्टेंबरमध्ये काय घडले?

‘चॉक’, ‘डीबग’ यांसारखी लोकप्रिय पॅकेज सांभाळणाऱ्या एका डेव्हलपरला एनपीएमच्या नावाने ईमेल आला. खात्याची द्विस्तरीय सुरक्षा अद्ययावत करा, अन्यथा १० सप्टेंबरपासून खाते बंद होईल, असे त्यात म्हटले होते. पत्ता जवळपास खरा वाटत होता, फक्त शेवटी ‘डॉट कॉम’ऐवजी ‘डॉट हेल्प’ होते. डेव्हलपर फसला आणि ८ सप्टेंबरला १८ पॅकेजमध्ये घातक कोड मिसळण्यात आला. या पॅकेजचे आठवड्याचे एकत्रित डाउनलोड २ अब्जांहून अधिक होते.

हा कोड ब्राउझरमध्ये दबा धरून बसत असे. वापरकर्ता क्रिप्टो चलन पाठवू लागला की पैसे घेणाऱ्याचा पत्ता बदलून तिथे चोराचा, दिसायला तसाच पत्ता टाकला जाई. सुमारे दोन तासांत प्रकार उघड झाल्याने चोरांच्या हाती फारसे काही लागले नाही. मात्र काही दिवसांतच ‘शाई-हुलुद’ हा स्वतःहून पसरणारा व्हायरस आला. तो डेव्हलपरच्या संगणकावरील गुप्त किल्ल्या चोरायचा आणि त्याच किल्ल्या वापरून त्याची इतर पॅकेजही दूषित करायचा. ५०० हून अधिक पॅकेजना त्याची लागण झाली.

हा धोका नवा आहे का?

नाही. मार्च २०१६ मध्ये नावावरून झालेल्या वादात एका डेव्हलपरने आपली सर्व पॅकेज काढून घेतली. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज होते. मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरणे, एवढेच त्याचे काम. पण त्यावर अवलंबून असलेले हजारो प्रकल्प ठप्प झाले आणि एनपीएमला ते पॅकेज परत आणावे लागले.

मूळ दुखणे कोणते?

अशी अनेक पॅकेज एखादी व्यक्ती मोकळ्या वेळात, विनामोबदला सांभाळते. त्यावर मोठमोठ्या कंपन्यांचा व्यवसाय चालतो, पण सुरक्षेचा भार त्या एकट्या व्यक्तीवर पडतो. तिने थकलेल्या अवस्थेत एक चुकीची लिंक उघडली तरी साखळीतील सर्वांना फटका बसतो. दुसरे म्हणजे, पॅकेजची नवी आवृत्ती आपोआप स्वीकारण्याची मुभा अनेक प्रकल्पांत दिलेली असते. त्यामुळे दूषित आवृत्तीही काही मिनिटांत आत शिरते.

उपाय काय?

‘लॉक फाइल’मध्ये प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदवून तीच वापरणे, हा पहिला उपाय. नवी आवृत्ती आल्यावर काही दिवस थांबणे, हा दुसरा. घातक कोड बहुतेकदा लवकर पकडला जात असल्याने ही वाट पाहणे फायद्याचे ठरते. ‘पीएनपीएम’ या साधनाने तशी सोय सप्टेंबर २०२५ मध्येच दिली. गिटहबनेही पॅकेज प्रकाशित करण्याचे नियम कडक करण्याची घोषणा केली.

भारतात ‘सर्ट-इन’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधील घटकांची यादी ठेवण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. औषधाच्या पाकिटावर घटक छापतात, तशीच ही यादी. एखादे पॅकेज दूषित निघाल्यास ते आपल्याकडे आहे का, हे यादी असलेल्या कंपनीला लगेच कळते. ज्यांच्याकडे ती नाही, त्यांना मात्र आधी शोधाशोध करावी लागते आणि तोवर ग्राहकांची माहिती धोक्यात राहते.