राजवाड्यांना कोणी श्रेयांक दिले होते?

हा प्रश्न विचारून एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मागच्या महिन्यात अभ्यासक्रमाच्या एका बैठकीत टाळ्या घेतल्या. विषय होता चार वर्षांच्या पदवीतल्या प्रबंधिकेचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार ऑनर्स पदवीला किमान १६० श्रेयांक लागतात. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ घेता येते आणि त्याच्या प्रबंधिकेला १२ श्रेयांक असतात. संशोधन न घेणाऱ्याने त्याऐवजी तेवढ्याच श्रेयांकांचे विषय शिकायचे.

प्राध्यापकांचे म्हणणे असे, की हे १२ श्रेयांक म्हणजे संशोधनाला लावलेली मजुरी. ज्याला ओढ आहे तो काही न मिळताही लिहील, ज्याला नाही तो इकडून तिकडून उचलून लिहील. म्हणून श्रेयांक विषयांना द्यावेत, प्रबंधिका ऐच्छिक ठेवावी, गुणपत्रिकेवर एका ओळीचा शेरा पुरे. मला हे म्हणणे चूक वाटते आणि त्याहून अधिक निष्ठुर वाटते.

आधी राजवाड्यांचे बघू. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली आला तेव्हा वि. का. राजवाडे पस्तिशीच्या घरात होते. एकीकडे दप्तरे धुंडाळायची आणि दुसरीकडे चार विषयांच्या सत्रपरीक्षा द्यायच्या, अशी वेळ त्यांच्यावर नव्हती. त्यांनी आयुष्य वाहून टाकले. पण एकाने आयुष्य वाहिले म्हणून वीस वर्षांच्या प्रत्येक मुलाने तसेच करावे, असा नियम कसा होतो? आणि खुद्द राजवाड्यांनी काय केले? १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. एकट्याच्या ओढीवर काम तगत नाही, त्याला जागा लागते, कपाट लागते, ठरलेला वेळ लागतो, हे त्यांना टाळ्या वाजवणाऱ्यांपेक्षा जास्त कळत होते.

आता वेळेचा हिशेब मांडतो, कारण श्रेयांक म्हणजे मुळात वेळच. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे ४० श्रेयांक आणि १,२०० तास धरलेले आहेत. म्हणजे एका श्रेयांकाला ३० तास, आणि प्रबंधिकेला ३६०. प्राध्यापकांची सूचना मान्य केली तर चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने १,२०० तास विषयांना द्यायचे आणि वर हे ३६० तास ओढीपोटी काढायचे. कोण काढेल? ज्याच्या घरी ताट वाढून मिळते, ज्याला दुपारी कुठे कामावर जायचे नसते, तो. निकाल लागल्यावर आपण म्हणणार, बघा, संशोधनाची ओढ फक्त अशाच मुलांना असते!

हे मी हवेत बोलत नाही. जुन्या तीन वर्षांच्या पदवीच्या काळात माझ्या वर्गात एक मुलगी होती. सकाळी कॉलेज, दुपारपासून रात्री नऊपर्यंत औषधांच्या दुकानात. तिला तिच्या गावातल्या शेतांची नावे गोळा करायची होती. १९४७ च्या कायद्याखाली जमिनींचे एकत्रीकरण झाले, सर्व्हे नंबर जाऊन सातबाऱ्यावर गट नंबर आले. माणसांच्या तोंडी मात्र ‘सुईणीची पट्टी’, ‘भुताचा माळ’ अशी नावे राहिली आणि तीही आता म्हाताऱ्यांबरोबर चालली आहेत. विषय तिचा तिने काढला होता. ओढीचा याहून चांगला पुरावा कोणाला हवा असेल तर तो मला माहीत नाही. ती रविवारी एसटीने गावी जायची, पारावर बसायची, वही भरायची. नोव्हेंबरात परीक्षा आली, वही थांबली. उन्हाळ्यात पुन्हा गेली तेव्हा ज्यांना सगळ्यात जास्त नावे येत होती ते आजोबा गेले होते. सत्तेचाळीस नावांवर ते काम संपले. तिला १२ श्रेयांक असते तर तीन विषयांचे ओझे कमी झाले असते आणि हिवाळ्याचे सगळे रविवार तिचे राहिले असते.

मजुरी म्हणा हवे तर. कामाचा मोबदला मागणाऱ्याला लोभी ठरवण्याची आपली सवय जुनी आहे. अंतर्गत गुण सुरू झाले तेव्हा हेच ऐकले होते, प्रकल्पाला गुण ठेवले तेव्हाही. दर वेळी भीती एकच, की गुण मिळाले की मुलांची नियत बिघडेल. दर वेळी हे बोलणाऱ्यांचा स्वतःचा तास मात्र कार्यभारात मोजलेला असे.

उचलेगिरीबद्दल इतकेच, की ती तीन तासांच्या पेपरातही पाठ केलेल्या गाइडमधून होते आणि तिथे आपण तिला लेखन म्हणतो. पदवीच्या वयात संशोधन झेपत नाही, हे तर २०२२ च्या पीएच.डी. नियमांनीच खोडले आहे. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के मिळवणाऱ्याला थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो. एम.फिल. बंद झाले आहे. मग त्याने सराव करायचा कुठे?

माझे म्हणणे थोडक्यात असे. बाराही श्रेयांक शेवटच्या बांधीव प्रतीला देऊ नयेत. काही प्रश्न ठरवण्याला द्यावेत, काही टिपणवहीला किंवा प्रयोगाच्या नोंदींना, काही पहिल्या खर्ड्याला, उरलेले प्रबंधिका आणि तोंडी परीक्षेला. वही दर पंधरवड्याला मार्गदर्शकाने बघून सही करावी. उचलेगिरी तिथेच सापडते, कारण पारावर न गेलेल्याची वही कोरी असते. हे करायचे तर मार्गदर्शनाचा तास शिक्षकाच्या वेळापत्रकात लिहिलेला हवा. विद्यार्थ्याच्या श्रेयांकाइतकीच मला त्याची काळजी आहे, कारण तो तास लिहिला नाही तर पंधरा मुलांच्या वह्या मधल्या सुट्टीत बघितल्या जातील. पुढच्या बैठकीत मी हीच मागणी लेखी देणार आहे आणि सोबत ती सत्तेचाळीस नावांची वही नेणार आहे.