एकदा गेली की गेलीच!



नख कापलं तर पुन्हा वाढतं. गुडघा खरचटला तर खपली धरते नि खाली नवी कातडी येते. पण कानातली एक गोष्ट एकदा गेली की गेलीच!

कानाच्या आत, अगदी खोल, गोगलगाईच्या शंखासारखा भाग असतो. तिथे सुमारे १५ हजार नाजूक पेशी असतात. त्यांच्या टोकांवर बारीक केस असतात. आवाज आला की ते हलतात आणि मेंदूला निरोप पोचतो. फार मोठ्या आवाजाने या पेशी मरतात. मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

म्हणून मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीजवळ नाचू नका, लांब उभे राहा. इअरफोनचा आवाज निम्म्यावर ठेवा, मधूनमधून कानांना सुट्टी द्या. कानात काडी तर मुळीच घालू नका.

पालकहो, मूल हाकेला ओ देत नसेल, टीव्ही मोठा करत असेल, तर 'लक्ष नाही' म्हणून रागावण्याआधी कान तपासून घ्या. यंत्र लागलंच, तर ते तपासणीच्या आलेखाप्रमाणेच बसवायचं. आजोबांचं जुनं यंत्र नातवाला चालत नाही! लहानांना कानामागे बसणारं यंत्र सोयीचं. कान वाढला की फक्त कानातला साचा बदलायचा.

आणि मुलांनो, वर्गात कुणी यंत्र लावून आलं तर हसू नका हं! चष्म्याला हसतो का आपण? त्याच्यासमोर उभं राहून, सावकाश बोला. बघा, किती छान गट्टी जमते ती!