बेदाण्याचा रंग

दिवाळी जवळ आली की मधल्या मारुतीच्या बाजूला सुक्या मेव्याच्या दुकानांत पाऊल ठेवायला जागा नसते. तिथं जरा बाजूला उभं राहून ऐकावं. बदाम घेताना माणसं मामरा की कॅलिफोर्निया असं विचारतात. काजू घेताना पाकळी की अख्खा. बेदाण्याला मात्र एकच प्रश्न : "हिरवा आहे ना?"

आणि हे कुठं, तर सोलापुरात! द्राक्षबागा आपल्या दाराशी. सोनाका ही लांब मण्यांची जात थॉमसन सीडलेसमधून निवडली ती आपल्याच नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी. बेदाणा होतो तो पंढरपूर, तासगाव, सांगलीकडे, म्हणजे घरचाच. तरी दुकानदारानं "कंदाहारी आहे" म्हटलं की आपण दोन पैसे जास्त द्यायला तयार!

तो हिरवा रंग येतो कुठून? द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, त्यानं सालीवरचा मेणचट थर सुटतो. मग शेडमध्ये जाळीच्या रॅकवर, सावलीत, पंधराएक दिवस वाळवतात. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा. शेवटी गंधकाची धुरी. धुरीनं माल टिकतो हे खरं, प्रमाणात असेल तर कायद्याचीही हरकत नाही. पण दम्याच्या काही रुग्णांना या गंधकाचा त्रास होतो, आणि पाकिटावरची बारीक अक्षरं आपण वाचतो कुठं?

उन्हात नुसता वाळवलेला बेदाणा तपकिरी होतो. गोडीला कमी नाही. पण बाजारात त्याला खालचा भाव. मार्चमध्ये माल रॅकवर असताना अवकाळीची एक सर आली की रंग गेला, आणि रंगाबरोबर भावही. वर्षभराची फवारणी, छाटणी, कर्ज, सगळं त्या रंगावर टांगलेलं. लोक शेतकऱ्याला म्हणतात, धुरी कशाला देता? अहो, त्यानं नाही दिली तर तुम्ही घ्याल का?

माझ्या ओळखीच्या दुकानदाराला मी विचारलं, तपकिरी का ठेवत नाही? तो हसून म्हणाला, "सर, ठेवतो की. पण पडून राहतो. शेवटी बेकरीवाले स्वस्तात उचलतात." म्हणजे केकमध्ये तोच बेदाणा आपण आवडीनं खातो. असो.

माझं म्हणणं एवढंच, की दुकानात एकदा तपकिरी मागून बघा. पाच-दहा घरांनी मागितला तर तो पोतं पुढं आणून ठेवेल. भेटीच्या डब्यात हिरवाच हवा असेल तर तो घ्या, पाहुण्यांसाठी आमच्याकडेही येतो. पण शिऱ्यात घालायला कशाला? तुपात परतला की हिरवाही तपकिरीच होतो.