दिलं काय, घेतलं काय?



मधल्या सुट्टीत तुमचा एक छोटासा बाजार भरतो, तो आम्हा शिक्षकांना बरोबर दिसतो बरं का! 'माझी तीन तिकिटं घे, तुझं ते जपानचं दे.' अदलाबदल झाली की दोघंही खूश. आणि दुसऱ्या दिवशी पाहावं तर एकाचं तोंड उतरलेलं!

अशी अदलाबदल मोठी माणसंही करतात. तिथे तिकिटांऐवजी चक्क खेळाडू असतात. आज आपण अशाच एका बाजारात जाऊ. हा बाजार आहे अमेरिका आणि कॅनडातल्या आइस हॉकीचा, म्हणजे बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीचा.

तिथल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचं नाव नॅशनल हॉकी लीग. २०२१ पासून तिच्यात ३२ संघ आहेत. जिंकणाऱ्याला स्टॅन्ली कप मिळतो. प्रत्येक संघात खेळ शिकवणारा प्रशिक्षक असतो, तसाच एक जनरल मॅनेजरही असतो. हा गृहस्थ बर्फावर पाऊलही ठेवत नाही. पण संघात कोण असणार, कोणाला किती वर्षांचा करार द्यायचा, कोणाला दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात कोण आणायचं, हे तोच ठरवतो. आपल्याकडे आयपीएलमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे आला, आठवतं ना? तसंच, पण तिथे हे वर्षानुवर्षं चालत आलं आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. दरवर्षी तिथे नव्या, साधारण अठरा वर्षांच्या मुलांची निवड होते. तिला 'ड्राफ्ट' म्हणतात. प्रत्येक संघाची निवडीची पाळी ठरलेली असते. गंमत अशी, की ही पाळीसुद्धा दुसऱ्या संघाला देता येते. म्हणजे आज कुणी शाळेत शिकत असेल, त्याला दोन वर्षांनी निवडण्याचा हक्क आजच विकता येतो!

या हक्काची किंमत फार लवकर ओळखणारे एक गृहस्थ होते सॅम पोलॉक. १९६४ ते १९७८ या काळात ते मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघाचे जनरल मॅनेजर होते. गी लाफ्लर नावाचा एक मुलगा १९७१ च्या ड्राफ्टमध्ये येणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्या काळी सगळ्यात शेवटी राहिलेल्या संघाला पहिली पाळी मिळे. मॉन्ट्रियल तर बलाढ्य संघ! मग पाळी मिळणार कशी? पोलॉकनी १९७० मध्येच कॅलिफोर्निया गोल्डन सील्स या दुबळ्या संघाशी व्यवहार केला आणि त्यांची पुढच्या वर्षाची पहिली पाळी घेऊन टाकली. सील्सना तेव्हा आजची घाई होती, पोलॉक उद्याचा विचार करत होते. सील्स शेवटी राहिले आणि लाफ्लर मॉन्ट्रियलला मिळाला. त्याने तिथे ५ स्टॅन्ली कप जिंकले. पोलॉकच्या कारकिर्दीत संघाने एकूण ९ कप जिंकले.

आता याच्या अगदी उलट गोष्ट ऐका. १९९१ मध्ये कॅनडातल्या क्विबेक नॉर्डिक्स संघाने एरिक लिंड्रोस या उंचापुऱ्या, दमदार मुलाला सगळ्यात आधी निवडलं. पण लिंड्रोस म्हणाला, 'मी तुमच्याकडून खेळणार नाही!' वर्षभर वाट पाहून जून १९९२ मध्ये क्विबेकने त्याचा सौदा केला. एकाशी नव्हे, दोन संघांशी! फिलाडेल्फिया म्हणे तो आमचा, न्यूयॉर्क रेंजर्स म्हणे आमचा. शेवटी लवाद नेमावा लागला. लवादाने निकाल दिला, की फिलाडेल्फियाशी आधी बोलणं ठरलं होतं, म्हणून लिंड्रोस त्यांचा. कागदावर सही व्हायच्या आधी दिलेला शब्दही किती मोलाचा असतो, ते पाहा.

त्या एका मुलासाठी फिलाडेल्फियाने दिलं काय? ६ खेळाडू, ड्राफ्टच्या २ पहिल्या पाळ्या आणि वर दीड कोटी डॉलर! लिंड्रोस खेळाडू म्हणून खरोखरच मोठा निघाला. १९९५ मध्ये लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण त्याला दुखापतींनी गाठलं आणि त्याच्या हाती स्टॅन्ली कप कधीच आला नाही.

आणि तिकडे? त्या ६ जणांत पीटर फोर्सबर्ग नावाचा स्वीडनचा एक तरुण होता. तो पुढे लीगच्या दिग्गजांत गणला गेला. मिळालेल्या एका पाळीवर संघाने जोसलिन तिबो हा गोलरक्षक निवडला. डिसेंबर १९९५ मध्ये तिबो आणि आणखी दोघे मॉन्ट्रियलला देऊन त्यांनी पॅट्रिक रुआ हा नामांकित गोलरक्षक आणला. आणि १९९६ मध्ये स्टॅन्ली कप जिंकला! फक्त एक दुःखाची गोष्ट झाली. त्याआधी वर्षभर, १९९५ मध्ये, संघ क्विबेक सोडून अमेरिकेतल्या कोलोराडोला गेला होता. ज्या गावाने वाट पाहिली, त्या गावाला तो आनंद मिळालाच नाही.

म्हणजे अदलाबदलीचा निकाल त्याच दिवशी लागत नाही. 'मला काय मिळालं' हे चटकन दिसतं. 'मी काय दिलं' हे कळायला वेळ लागतो.

आता कराराकडे वळू. करार म्हणजे 'इतकी वर्षं, इतका पगार' असं लिहून दिलेलं वचन. २००४-०५ मध्ये मालक आणि खेळाडू यांचं पगारावरून भांडण झालं, टाळेबंदी झाली आणि अख्खा हंगाम रद्द झाला. त्यानंतर नियम आला, की सर्व खेळाडूंचा मिळून पगार ठरावीक मर्यादेतच हवा. २००५-०६ साठी ही मर्यादा होती ३ कोटी ९० लाख डॉलर. झालं! आता जनरल मॅनेजरचं काम तुमच्या आईच्या महिन्याच्या हिशोबासारखं झालं. एकावर जास्त खर्च केला, की दुसऱ्यासाठी कमी उरणार.

२००६ मध्ये न्यूयॉर्क आयलँडर्स संघाने रिक डिपिएट्रो या गोलरक्षकाला तब्बल १५ वर्षांचा करार दिला. रक्कम ६ कोटी ७५ लाख डॉलर. भागाकार करा पाहू! वर्षाला ४५ लाख. तो तेव्हा पंचविशीत होता आणि चांगला खेळत होता. वर्षाचा हिशोब फारसा महाग वाटत नव्हता. पण पुढे त्याला दुखापतींवर दुखापती झाल्या, खेळणंच कठीण झालं. २०१३ मध्ये संघाने करार संपवला. पण वचन ते वचन! उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग त्याला द्यायचा ठरला, वर्षाला १५ लाख डॉलर, थेट २०२९ पर्यंत. तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होईल! यात बिचाऱ्या डिपिएट्रोचा काही दोष नाही हं. दुखापत कुणी मागून घेत नाही. पण पंधरा वर्षांत असं काही होऊ शकतं, याचा विचार करार करणाऱ्याने करायला हवा होता. २०१३ मध्ये लीगनेच नियम केला, की आपल्या खेळाडूला जास्तीत जास्त ८ आणि बाहेरच्याला ७ वर्षांचाच करार द्यायचा.

याच काळात डेट्रॉइट रेड विंग्जचे जनरल मॅनेजर केन हॉलंड वेगळ्या वाटेने चालले होते. त्यांचा भर होता स्वतःची माणसं शोधण्यावर. त्यांचे पारखी युरोपात दूरदूर हिंडत. १९९८ मध्ये त्यांनी रशियाचा पावेल दात्सुक १७१ व्या क्रमांकावर निवडला, तर १९९९ मध्ये स्वीडनचा हेन्रिक झेटरबर्ग २१० व्या क्रमांकावर. म्हणजे दोनशेहून अधिक मुलांची नावं पुकारून झाली, तरी झेटरबर्गला कुणी हात लावला नव्हता! घाई न करता त्यांना तयार होऊ दिलं. २००८ मध्ये हेच दोघे संघाला स्टॅन्ली कप मिळवून देण्यात आघाडीवर होते. अर्थात हॉलंडचंही नेहमीच जमलं असं नाही. सलग २५ हंगाम बाद फेरीत जाणारा त्यांचा संघ २०१७ मध्ये बाहेर राहिला.

हे सगळं वाचताना एक मात्र विसरू नका. तिकिटाला आपलं घर नसतं, खेळाडूला असतं. ९ ऑगस्ट १९८८ रोजी वेन ग्रेट्झ्की या महान खेळाडूला एडमंटनने लॉस एंजेलिसला दिलं, तेव्हा पत्रकारांसमोर बोलता बोलता त्याला रडू कोसळलं. एडमंटनला त्याने ४ कप जिंकून दिले होते. म्हणूनच काही खेळाडू करारात लिहून घेतात, की 'माझ्या संमतीशिवाय मला दुसरीकडे पाठवायचं नाही.'

आता तुम्हीच जनरल मॅनेजर व्हा! दोघातिघांनी मिळून खेळा. प्रत्येकाला १०० चिंचोके. एकूण फेऱ्या ३. एका फेरीसाठी खेळाडू घेतला तर १० चिंचोके. तिन्ही फेऱ्यांसाठी घेतला तर २४, म्हणजे स्वस्त! एका फेरीत जास्तीत जास्त ४ खेळाडू. प्रत्येक खेळाडूसाठी फासा टाका. जो आकडा पडेल तेवढे गुण. पण १ पडला की गुण नाही, खेळाडू जायबंदी, तो पुढे खेळणार नाही आणि दिलेले चिंचोके परत मिळणार नाहीत. लांबचा करार करायचा की जवळचा? खेळून पाहा आणि वहीत हिशोब मांडा.

पालकांनाही एक विनंती. घरात हप्त्यावर एखादी वस्तू आली असेल, तर तिचे हप्ते किती, कधी संपणार आणि एकूण रक्कम किती होते, हे मुलांना शेजारी बसवून एकदा समजावून सांगा. करार म्हणजे काय, ते त्यांना त्यातून नीट कळेल.