वेलांटीचा धाक आणि वाक्याची हेळसांड

लेखनशुद्धीविषयी आपल्याकडे वाद पुष्कळ झाले. पण ते जवळजवळ सर्वस्वी अक्षरांविषयीचे होते. साहित्य महामंडळाने १९६२ साली केलेले चौदा नियम आणि १९७२ साली त्यांत पडलेली चार नियमांची भर, अशा अठराही नियमांचा विषय अनुस्वार, ऱ्हस्वदीर्घ आणि काही किरकोळ रूपे एवढाच आहे. वाक्य कसे असावे, याविषयी त्यांत अवाक्षर नाही. नियमकर्त्यांचा तो हेतूही नव्हता. दोष आपला आहे : 'शुद्धलेखन' साधले की लेखन साधले, असे आपण मानून चाललो.

याचे फळ समीक्षेत दिसते. पुढील वाक्य कल्पित आहे, परंतु वाचकांना ते अनोळखी वाटू नये : 'ही कादंबरी, जी लेखकाद्वारे ग्रामीण वास्तवाच्या आकलनाच्या प्रक्रियेच्या संदर्भात लिहिली गेली आहे, वाचून तिच्यातील संघर्ष स्पष्ट होतो.' येथे एकही वेलांटी चुकलेली नाही. वाक्य मात्र चार ठिकाणी मोडले आहे. मराठीत संबंधी वाक्य असे नामामागून लोंबत नाही; ते 'जी–ती'च्या जोडीने आधी येते, नाहीतर 'लिहिलेली' या एका धातुसाधितात मावते. 'लेखकाने लिहिली' हा घरचा कर्मणी प्रयोग असताना 'लेखकाद्वारे लिहिली गेली' ही उसनवारी कशासाठी? 'च्या'ची साखळी तर वाचकाची दमछाकच करते. आणि 'वाचून'चा कर्ता वाक्यात कोठेच नाही. 'पाऊस पडून पीक आले' यातही कर्ते दोन आहेत, असा आक्षेप कोणी घेईल. खरे आहे, पण तेथे पडणारा पाऊस वाक्यात हजर आहे. येथे वाचणारा गायब आहे.

हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नव्हे. वाचणारा गायब झाला की मूल्यनिर्णयाची जबाबदारीही गायब होते. 'ग्रामीण वास्तव समजून घेताना लेखकाने ही कादंबरी लिहिली. ती वाचताना मला तिच्यात संघर्ष दिसतो', असे लिहून पाहावे. लगेच प्रश्न उभा राहतो : कोणता संघर्ष, कोणाचा कोणाशी? मोडक्या वाक्याने विचारातली पोकळी झाकली होती.

शुद्धतेची मागणी म्हणजे प्रमाणभाषेचे वर्चस्व, असे म्हणणारा दुसरा पक्ष आहे. ऱ्हस्वदीर्घापुरते त्याचे म्हणणे बरेचसे रास्त आहे. तत्सम शब्दांचे लेखन संस्कृतप्रमाणे करावयाचे, तर संस्कृत न शिकलेल्यावर तो भारच आहे. पण हाच युक्तिवाद वाक्यरचनेला लावणे ही गफलत आहे. कापूरहोळला भोरच्या फाट्यावर एसटीची वाट पाहत उभा असलेला शेतकरी म्हणेल, 'ज्यानं बैल इकला, त्योच आता माघारी मागतोय.' उच्चार प्रमाण नाही. वाक्य निर्दोष आहे. 'माझ्याद्वारे बैल विकला गेला' असे तो जन्मात म्हणणार नाही. म्हणजे वाक्याचा घाट ही कोणा एका वर्गाची मिरास नाही. ती बोलणाऱ्या सर्वांची सामाईक मालमत्ता आहे. ती मोडली आपण, इंग्रजीतून सिद्धान्त वाचणाऱ्या आणि वाचता वाचता इंग्रजीचाच अन्वय उचलणाऱ्या प्राध्यापकांनी. प्रस्तुत लेखकाचा प्रबंधही यास अपवाद नाही. मग त्या शेतकऱ्याची मुलगी आमच्या वर्गात येते, तिच्या 'नि'ची वेलांटी आम्ही लाल शाईने घेरतो, आणि वर्षभरात 'च्या संदर्भात' लिहावयास तिला शिकवतो. वर्चस्व शोधावयाचे असेल तर ते येथे शोधावे.

दामल्यांनी १९११ च्या व्याकरणात प्रयोगविचाराचा केवढा खल केला! तो वारसा आम्ही परीक्षेतल्या 'प्रयोग ओळखा' या प्रश्नापुरता उरवला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद आहेच. पण भाषेची प्रतिष्ठा अखेरीस वाक्यात राहते. प्रबंध तपासताना वेलांटीआधी कर्ता शोधावा. तो सापडला नाही, तर प्रबंध परत करावा. मग तो विद्यार्थ्याचा असो वा आपला.